तेन्जिकूची सरकी

मंगरूळपीरहून पुण्याला जायचे म्हणजे एक रात्र बसमध्ये घालवावी लागते. आमच्याकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांत आता निम्म्याहून अधिक उतारू विशी-पंचविशीतली मुले असतात. कोणाच्या मांडीवर पुस्तकांची पिशवी, कोणाच्या पायाशी घरून आणलेला डाळीचा डबा. गेल्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर मीही निघालो. कारण थोडे वेगळे होते. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास जपानी भाषा शिकतो. तेथील विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी मिळून एक दिवसाचा जपानी संस्कृतीचा मेळा भरविला होता आणि त्याने मला बोलाविले होते. खरे सांगायचे तर त्याच्या बोलावण्यापेक्षा त्याच्या बापाने मला पाठविले, हेच अधिक खरे.

बाप तीन एकरांचा धनी. आदल्या आठवड्यात तो शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "मास्तर, पोरगं जपानले जातो म्हन्ते. तिकडं म्हाताऱ्या मानसाईची सेवा कराची नौकरी हाये म्हन्ते. एक एकर गहान टाकाले लावते मले. तुमी एक डाव जाऊन पाहून या. खरं हाये का खोटं हाये, थे पाहा."

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही. जपान मी पाहिलेला नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून गावात लोक मला सर्वज्ञ समजतात, यात माझा दोष नाही. तरी 'पाहून या' म्हटल्यावर जाणे भाग होते.

गाडी पहाटे पोचली. मेळ्याला अवकाश होता, म्हणून मुलगा मला सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात घेऊन गेला. हे उद्यान दहा एकरांचे असून जपानातील ओकायामा शहराच्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर आखलेले आहे. पुणे आणि ओकायामा यांच्या मैत्रीची खूण म्हणून ते २००६ साली खुले झाले. मूळ बाग इकेदा त्सुनामासा नावाच्या सरदाराने १६८७ साली आखावयास घेतली आणि १७०० साली ती पुरी झाली. म्हणजे रायगड मोगलांच्या हाती पडण्याच्या दोन वर्षे आधी तिकडे हिरवळ लावण्यास प्रारंभ झाला आणि राजारामाच्या मृत्यूच्या वर्षी काम संपले. आमच्याकडे घोड्यांच्या टापा वाजत होत्या, तेव्हा ते लोक दगड कोठे ठेवावा याचा विचार करीत होते. तसे म्हटले तर त्याच्या आधीच्या शतकात त्यांनीही आपापसांत पुष्कळ माना कापल्या होत्या. बागा लावण्यास माणसाला आधी थकावे लागते की काय, कोण जाणे.

मेळा एका सभागृहात होता. दारातच रंगीत किमोनो घातलेल्या मुली कमरेत वाकून नमस्कार करीत होत्या. त्यांतली एक लातूरची, एक सांगलीची आणि तिसरी खुद्द आमच्या वाशीमची निघाली. आत कोठे कागदाचे बगळे घडविणे चालले होते, कोठे चहाचा विधी. एका कोपऱ्यात मुलामुलींनी जपानी चित्रकथांतील पात्रांची सोंगे घेतली होती. निळे केस, लाकडी तलवारी. मला आमच्याकडची सोंगे आठवली. फरक इतकाच की आमच्या सोंगाड्याला लोक पैसे देतात आणि येथे सोंगे घेणाऱ्यांनीच खर्च केला होता.

एका टेबलावर शाई, कुंचला आणि पातळ कागद घेऊन एक तरुण बसला होता. तो पाहुण्यांची नावे जपानी लिपीत लिहून देई. मी त्याला माझ्या नावाऐवजी गावाचे नाव सांगितले. तो घोटाळ्यात पडला. जपानीत 'ळ' नाही, इतकेच नव्हे तर 'ल'ही नाही, आणि शब्दाच्या शेवटी सुटे व्यंजन उभे करावयाचे तर 'न'खेरीज दुसऱ्याला परवानगी नाही. शेवटी त्याने सात अक्षरे काढली आणि वाचून दाखविली: "मा-न्-गु-रु-रु-पि-रु." आमच्या हयात कलंदरांच्या दर्ग्यात किंवा बिरबलनाथांच्या मठात कोणी असे गाव सांगितले, तर त्याला रस्ता सापडायचा नाही! पण कागद मी जपून घडी घालून ठेवला.

त्याच्या मागे भिंतीवर जपानी अक्षरांचा तक्ता होता. मास्तराचे डोळे तक्त्यावर न जातील तरच नवल. मुलाला म्हटले, वाच. तो वाचू लागला: अ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. मी थबकलो. ही तर आपली वर्णमाला! कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य, मग य-र-व. फक्त 'च'च्या जागी 'स' आणि 'प'च्या जागी 'ह'. शिक्षिकाबाईंनी उलगडा केला. 'ह'चा उच्चार जपानीत पूर्वी 'प'सारखा होता आणि 'स'चा उच्चारही 'च'च्या जवळचा असावा असे भाषापंडित मानतात. बौद्ध भिक्षूंनी मंत्रांसाठी सिद्धम् नावाची आपली जुनी लिपी शिकून घेतली आणि तिच्या क्रमावरून आपली अक्षरे लावली. पहिलीच्या पोरांना ज्या ओळी मी वीस वर्षे घोकून घेतल्या, त्या ओळी समुद्रापलीकडे हजार वर्षांपूर्वी कोणी घोकत होते, हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या वीस वर्षांतल्या काही छड्या वाचल्या असत्या की वाढल्या असत्या, हे सांगता येत नाही.

या येण्याजाण्याचा इतिहास मोठा आहे. बोधिसेन नावाचा एक भारतीय भिक्षू ७३६ साली जपानात पोचला. ७५२ साली नारा येथील तोदाइजी मंदिरातल्या प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा विधी त्याच्या हातून झाला. कुंचला त्याच्या हाती होता आणि कुंचल्याला बांधलेल्या लांब दोऱ्या जमलेल्या लोकांनी धरल्या होत्या. आपली सरस्वती तिकडे बेन्झाइतेन होऊन वीणेसारखे वाद्य वाजविते. गणपतीही आहे, पण त्याची मूर्ती बहुधा बंद देव्हाऱ्यात ठेवतात. दहा दिवस मांडवात बसविण्याची सवय असलेल्या आपल्या गजाननाला तेथे करमत कसे असेल!

उलट दिशेचे ऋणही आहे. आपल्या गावगाड्याचा आणि बलुतेदारीचा अभ्यास हिरोशी फुकाझावा या जपानी इतिहासकाराने मराठी कागदपत्रे वाचून केला. मध्ययुगीन दक्षिणेवरचा त्याचा ग्रंथ १९९१ साली त्याच्या पश्चात निघाला. आमच्या किती गावांना त्याचे नाव माहीत आहे?

भिंतीवर एका बोधिसत्त्वाच्या चित्राची मोठी प्रत होती. नारा जवळच्या होर्युजी मंदिराच्या भिंतीवरचे हे चित्र. त्याची मान किंचित कललेली, बोटांची मुद्रा, पापण्या मिटत आलेल्या. "गुरुजी, अजिंठ्यावानी दिसते ना?" मुलगा म्हणाला. जगातल्या पुष्कळ पंडितांनी हेच म्हटले आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आणि हे चित्र यांत थेट दोरा नाही. मधली वाट मध्य आशिया आणि चीन यांतून गेलेली. पण मला त्या क्षणी दुसरीच गोष्ट आठवली आणि ती सांगितल्यावाचून राहवेना. अजिंठ्याची उत्तम चित्रे ज्या काळात रंगली, त्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे राज्य होते वाकाटक हरिषेणाचे. सोळाव्या लेण्यात त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. आणि हरिषेणाचे घराणे कोठले? वत्सगुल्मचे, म्हणजे आजच्या वाशीमचे! १९३९ साली वाशीमला वाकाटकांचा ताम्रपट सापडला आणि या शाखेचा धागा इतिहासकारांच्या हाती लागला. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी पुढे तो सारा पट नीट उलगडून ठेवला. दारातल्या वाशीमच्या मुलीला मी हे सांगितले. ती म्हणाली, "आमाले शाळेत कोनीच नाही सांगतलं हे." मी खाली पाहिले. शाळा म्हणजे आम्हीच.

ओकाकुरा काकुझो हा जपानी कलापंडित १९०२ साली अजिंठा पाहून गेला. पुढे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस चित्रकार आराई काम्पो आणि त्याचे सोबती लेण्यांत बसून नकला करीत होते. त्या नकला तोक्योला नेल्या आणि १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत जळून गेल्या. होर्युजीची मूळ चित्रेही २६ जानेवारी १९४९ ला आगीत होरपळली. तेथे नकला करण्याचे काम चालू असतानाच ते घडले. पुढे जपानने कायदा केला आणि २६ जानेवारी हा दिवस प्राचीन वास्तूंना आगीपासून जपण्याचा दिवस ठरविला. त्या तारखेला आपण झेंडावंदन करतो, ते लोक देवळांवर पाण्याचे फवारे मारून सराव करतात.

दुपारी ढोल वाजले. जपानी ढोल वाजविणारा आधी अंगाचे धनुष्य करतो आणि मग टिपरू टाकतो. लोक टाळ्या वाजवीत होते, पण मला ऐकू येत होते ते दुसरेच, लहान वाद्य. वर्ध्याला शिबिरासाठी गेलो असता गीताई मंदिराजवळच्या पांढऱ्याशुभ्र विश्वशांती स्तूपापाशी ते मी प्रथम ऐकले होते. हातपंख्यासारखे चामड्याचे, एका काठीने वाजवावयाचे. त्या ढोलक्याची कथा आमच्या वऱ्हाडच्या कापसाशी मोठ्या विचित्र रीतीने गुंतलेली आहे आणि या लेखाचे खरे कारण तेच आहे.

माझे आजोबा सांगत की कारंज्याच्या बाजारात 'जपानवाला' आला की नाही, हा गाड्या जुंपण्यापूर्वीचा पहिला प्रश्न असे. मुर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी कारंज्यावरून जाई, जिला पुढे लोक शकुंतला म्हणू लागले. तिच्या डब्यांतून वऱ्हाडचा कापूस मुंबईला जाई आणि तेथून बोटीने कोबे आणि ओसाका. दूरच्या पेढ्यांवर आमच्या मालाचे नाव 'ऊमरा' असे होते. अमरावतीचा तो अपभ्रंश.

हा व्यापार मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो १८९३ नंतर. त्याआधी वाहतूक होती ती परदेशी बोटकंपन्यांच्या हातात आणि भाडे त्या म्हणतील ते. जमशेटजी टाटा १८९३ साली जपानला गेले आणि निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी करार करून त्यांनी मुंबई-कोबे ही नवी वाट उघडली. त्यावर जुन्या कंपनीने भाडे इतके पाडले की माल जवळजवळ फुकट जाऊ लागला. टाटांच्या बोटी फार दिवस टिकल्या नाहीत. जपानी कंपनी मात्र टिकली. जपानी गिरण्यांनी एक युक्ती साधली होती. आमचा आखूड धाग्याचा स्वस्त कापूस आणि अमेरिकेचा लांब धाग्याचा महाग कापूस ते मिसळीत आणि त्यातून हवे तसे सूत काढीत. लँकेशायरने ज्याला नाक मुरडले, त्याचे जपानने कापड केले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आमच्या कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपान झाला.

येथे थोडे थांबले पाहिजे, कारण आपण नेहमी आपले दुःख तेवढे मोजतो. जपानातही कापूस पिकत असे. ओसाकाभोवतीच्या खेड्यांत शेतकरी शेकडो वर्षे तो लावीत आणि घरोघरी बायका विणीत. परदेशी स्वस्त कापसाने ते शेत मोडत आणले आणि १८९६ साली जपान सरकारने कापसावरची आयातजकात काढून टाकल्यावर ते पार संपले. त्या परदेशी कापसात आमच्या काळ्या मातीतल्या गाठीही होत्या. म्हणजे माझ्या पणजोबांच्या गाडीतली कवडी गेली आणि तिकडच्या कोणा पणजोबाचे वावर ओस पडले. दोघांनी एकमेकांची तोंडेही पाहिली नव्हती.

मग १९३३ साल उजाडले. १९३१ च्या अखेरीस जपानने सुवर्णचलन सोडले, येन घसरला आणि जपानी कापड इतके स्वस्त झाले की मुंबईच्या आणि मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी एकच ओरड केली. हिंदुस्थान सरकारने जून १९३३ मध्ये ब्रिटनखेरीज इतर देशांच्या सुती कापडावर ७५ टक्के जकात बसविली. उत्तरादाखल जपानी गिरण्यांच्या संघाने हिंदी कापूस घेणेच बंद केले. जकातीचे भांडण गिरण्यांचे आणि बहिष्कार पडला तो वऱ्हाडच्या गाडीवानावर. मंदीने भाव आधीच कोसळले होते. आजोबा म्हणत की त्या वर्षी जपानवाला आलाच नाही आणि कापूस घरात ठेवून लोक त्याच्यावर झोपले. 'मऊ होतं लेका, पन झोप कोठून?' असे ते पुढे जोडीत.

सप्टेंबरात सिमल्याला वाटाघाटी सुरू झाल्या. त्याच सप्टेंबरात गांधीजी वर्ध्याला येऊन राहिले. आणि ४ ऑक्टोबर १९३३ रोजी निचिदात्सु फुजीई नावाचा एक जपानी भिक्षू वर्ध्याला त्यांच्या भेटीस आला. सिमल्याच्या थंड हवेत वकील आणि गिरणीवाले गाठी आणि वार मोजीत होते. इकडे वर्ध्याच्या धुळीत हा मनुष्य हातढोलके वाजवून आपला मंत्र म्हणत होता आणि गांधीजींनी कौतुकाने ते स्वतः वाजवून पाहिले. चरख्याच्या आश्रमात ओसाकाच्या गिरण्यांच्या देशातला पाहुणा! जानेवारी १९३४ मध्ये समझोता झाला. जकात ५० टक्क्यांवर आली आणि जपानने वर्षाला १० लाख गाठी घ्याव्यात, तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड विकता यावे, असा हिशोब ठरला. १५ लाख गाठी घेतल्यास ४० कोटी वार. आमच्या पऱ्हाटीचा आणि त्यांच्या धोतरजोडीचा असा तराजू लागला. जपानवाला परत आला.

फुजीईंचे शिष्य मात्र तराजू लागला म्हणून आले नव्हते आणि गेलेही नाहीत. त्यांतला एक सेवाग्रामला राहिला, आश्रमाचाच झाला. डिसेंबर १९४१ मध्ये जपान युद्धात उतरताच सरकारने त्याला पकडून नेले. त्याचे ढोलके मागे राहिले आणि आश्रमाची प्रार्थना त्याच्या मंत्राने सुरू होत राहिली. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जे अनावृत पत्र लिहिले, त्यात चीनवरच्या आक्रमणाबद्दल जपानला खडे बोल सुनावले आहेत आणि त्याच पत्रात या साधूची आठवण काढली आहे. शत्रूच्या देशाला दम भरताना त्याच्या एका माणसाचे ढोलके घरात वाजते ठेवणे ज्याला जमले, त्याच्या मनाचा अंदाज मला अजून येत नाही.

संध्याकाळी मेळा उठू लागला. मुलगा आणि मी पायरीवर बसलो. तो म्हणाला, "गुरुजी, मी परीक्षा पास झालो की बोलावतीन थे. कागद खरे हायेत, म्या दोन ठिकानी दाखोले." त्याने कागद काढले. मी एक एक वाचला. पगार, मुदत, राहण्याची सोय. खोटे काही दिसले नाही. "गाव सोडून करमन का रे तुले?" मी विचारले. तो हसला. "तिकडं गावागावांत म्हातारेच उरले म्हन्तात. आपल्याकडंही तेच होऊन रायलं ना जी."

निघताना शिक्षिकाबाईंनी, मी कापसाच्या मुलखातला म्हणून, मला जपानच्या जुन्या बखरीतली एक हकीकत सांगितली. तीच मी गावी घेऊन आलो.

दुसऱ्या दिवशी बाप वाटच पाहत होता. कागद खरे आहेत म्हणून सांगितले. तो ऐकत राहिला. मग एकदम म्हणाला, "तिकडं पऱ्हाटी होते का जी?"

आता होत नाही, मी म्हटले, पण ऐक. बाराशे वर्षांवर झाली. ७९९ साली मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला एक होडी लागली. तीत विशीतला एकच तरुण. कमरेला लंगोटी, डाव्या खांद्यावर निळसर वस्त्र, कानाच्या पाळ्या लांब. त्याची भाषा कोणाला कळेना. भाषा शिकल्यावर त्याने सांगितले, मी तेन्जिकूचा. तेन्जिकू म्हणजे आपला देश. तो एकतारी वाजवी आणि त्याचे गाणे ऐकून लोकांना उदास वाटे. जवळचे सामान विकून त्याने रस्त्याकाठी एक घर बांधले आणि गोरगरिबांना तेथे विसावा दिला. त्याच्या सामानात गवताच्या बियांसारखे काही होते. ती सरकी होती. पुढल्या वर्षी दरबाराने ती निरनिराळ्या प्रांतांत पेरायला दिली आणि कशी पेरावी ते लिहून ठेवले. उन्हाची, कसदार जागा पाहावी. इंचभर खोल खळगे करावे, चार-चार फुटांवर. बी धुऊन रात्रभर भिजत घालावे, सकाळी एका खळग्यात चार टोबावे, वर माती लोटून हाताने दाबावी. रोज सकाळी पाणी द्यावे, ओल मोडू देऊ नये. पण पीक टिकले नाही. बी नष्ट झाले. नंतर सातशे वर्षे जपानात कापूस नव्हता. मिकावात त्या तरुणाच्या नावाने अजून एक देऊळ आहे.

बाप बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजीत होता.

"चार फूट बराबर हाये," तो म्हणाला. "चार सरक्याही बराबर. पन रोज पानी? ओल मोडूच नाही दिली म्हन्ता? मूळ सडलं असन, मास्तर. पऱ्हाटीले जरा तान पाह्यजे." आणि थोड्या वेळाने, उठता उठता, "थ्या पोराले कोनी इचारलंच नसन. भाषा येत नव्हती ना त्याले."

मग पटका सारखा करून तो म्हणाला की पोराचा क्लास किती महिन्यांचा राहिला आहे, ते जरा फोन लावून विचारा.